कुरड्यांच्या दिवसात चॉकलेट पुडिंग

तुरीचीशेंग (यवतमाळ जिल्हा)

गेल्या आठवड्यात आमच्याकडे कुरड्या झाल्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर खाली बसू द्यायचा, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पहाटे अंगणात चूल पेटली, मोठ्या गंजात चीक रटरटायला लागला आणि पोरं वाट्या घेऊन हजर झाली. गरम चीक, वर साखर आणि तूप. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाली, “आई, याच्यात चॉकलेट टाकलं तं पुडिंग होईल.” दिवाळीत ती नागपूरला मावशीकडे चॉकलेट पुडिंग खाऊन आली होती. सासूबाई सोऱ्या भरता भरता म्हणाल्या, “पुडिंग म्हणजे का व? कोणं काढलं ते?”

मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याची रुखरुख लागून राहिली. आठ दिवस वाचलं, चार वेळा करून पाहिलं. जे हाती लागलं ते इथे मांडते. लेकीचं म्हणणं खरं होतं. पुडिंग हे चिकाचं भावंड आहे, आणि ते खेड्यात ओव्हनशिवाय, वेळ पडली तर फ्रिजशिवायही होतं.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं. पुडिंगचा जुना अर्थ ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. मध्ययुगातल्या इंग्लंडात पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात रक्त, चरबी, धान्य भरून उकडलेला पदार्थ. तिकडचं ‘ब्लॅक पुडिंग’ आजही त्याच जातीचं आहे. सतराव्या शतकात आतड्याच्या जागी फडकं आलं. पीठ, चरबी, सुकामेवा फडक्यात बांधून उकडायचा, आणि पुडिंग गोडाकडे झुकत गेलं. ख्रिसमसचं पुडिंग त्या वळणाचं. पुढे ब्रिटनमध्ये जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला पुडिंग म्हणायला लागले. चमच्यानं खायचं, दुधाचं, थरथरणारं पुडिंग हे अमेरिकेत रुळलेलं रूप.

ते रूप घडायला दोन गोष्टी लागल्या, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या निघाल्या.

पहिली कोको पावडर. कोकोच्या बियांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. त्यामुळे मेक्सिकोतून युरोपात गेलेलं चॉकलेट बरीच वर्षं वर तवंग येणारं, जड पेय होतं. 1828 मध्ये नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन घराण्यानं दाब देऊन ही चरबी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चरबी निघाल्यावर जी पेंड उरली, ती दळून कोको पावडर झाली. घाण्यावर जवस गाळून ढेप उरते, तसंच हे. ही पावडर दुधात नीट मिसळते. आणि आपल्यासाठी मोठी गोष्ट अशी की ती उन्हाळ्यात वितळत नाही. कोकोची चरबी 34 अंशांच्या आसपास पाणी होते. मी यवतमाळहून एसटीनं आणलेली चॉकलेटची वडी घरी पोचेपर्यंत पिशवीत पसरली होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पावडरच बरी.

दुसरी गोष्ट कॉर्नफ्लोअर, आणि इथे मी वाचता वाचता थांबलेच. टॉमस किंग्जफर्ड नावाचा माणूस अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये गव्हाचा स्टार्च काढायच्या कारखान्यात कामाला होता. गव्हाचा स्टार्च म्हणजे आपला चीक! 1842 मध्ये त्यानं तसाच चीक मक्याच्या दाण्यांतून वेगळा काढून दाखवला. सुरुवातीची काही वर्षं तो खायला नव्हता, कपड्यांना खळ द्यायला होता. माझी आजी सुती पातळांना तांदळाच्या पेजेची खळ द्यायची, ते आठवलं. 1854 मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात जॉन पोल्सननं खायच्या कॉर्नफ्लोअरचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी, 1837 मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. आज तीही कॉर्नफ्लोअरवरच उभी आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात ‘जेल-ओ’चं तयार चॉकलेट पुडिंग पाकिटातून मिळायला लागलं, आणि घरोघरी तीच चव मुलांच्या जिभेवर बसली. पण पाकिटात असतं काय? साखर, कोको, स्टार्च आणि वास. हे सगळं तालुक्याच्या किराणा दुकानात मिळतं.

आता कृती. अर्धा लिटर दूध. त्यातलं पाऊण कप गार दूध बाजूला काढायचं. कोरड्या भांड्यात 70 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम कोको, 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ हातानं नीट कालवायचं. हे कोरडं कालवणं टाळू नका. कोको पाण्याला लवकर जवळ करत नाही, एकट्याला दुधात टाकलं की गोळ्या तरंगतात. साखरेचे दाणे मध्ये आले की तो सुटा राहतो. मग गार दूध थोडं थोडं घालून खीर ढवळावी तसं ढवळायचं. उरलेलं दूध जाड बुडाच्या गंजात तापवायचं, वाफा आल्या की त्यातलं डावभर या मिश्रणात घालून सारखं करायचं, आणि मग सगळं गंजात परत. आच मंद. सराट्यानं बूड खरवडत राहायचं.

पाच-सात मिनिटांनी ते एकदम जड होतं. इथेच माझी पहिली खेप बिघडली. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवलं, आणि खाताना जिभेला कच्च्या पिठाची चव आली. स्टार्चचे कण 65-70 अंशांना फुगायला लागतात, पण पूर्ण शिजायला उकळीच्या जवळ जावं लागतं. चीक शिजला हे आपण कसं ओळखतो? पांढरेपणा जाऊन काचेसारखी चमक येते आणि बुडबुडे ‘फुट्‌ फुट्‌’ करत फुटतात. पुडिंगलाही तीच खूण. बुडबुडे फुटायला लागल्यावर दोन मिनिटं अजून. उतरवून चमचाभर लोणी आणि असला तर व्हॅनिला घालायचा, वाट्यांत ओतायचं आणि त्यानंतर हात लावायचा नाही. थंड होताना स्टार्च आपली जाळी विणतो. तेव्हा ढवळलं की जाळी मोडते आणि ते पुन्हा कधी बसत नाही.

साय आवडत नसेल तर केळीच्या पानाचा तुकडा तूप लावून थेट पुडिंगवर टेकवा. आमच्याकडे सायीसाठी भांडणं झाली, त्यामुळे मी पान लावत नाही.

---

गोरसपाक

ताई, वाचूनच तोंडाले पाणी सुटलं. मी आर्वीकडची. आमच्याकडे फ्रिज हाये, पण उन्हाळ्यात लाइन नाई राहत. दुपारी तीन वाजता पाहुणे आले तं मंग का करावं?

---

तुरीचीशेंग

गोरसपाक, माझी दुसरी खेप बिनफ्रिजचीच होती. परातीत दोन बोटं माठाचं पाणी, त्यात वाट्या ठेवल्या, वरून ओलं सुती फडकं असं टाकलं की त्याची टोकं पाण्यात बुडाली. परात कूलरच्या वाऱ्यात, आणि लाइन गेली तेव्हा पडवीत. आपली हवा कोरडी आहे, म्हणून पाणी झरझर उडतं आणि उडताना थंडावा देऊन जातं. वाळ्याच्या ताट्या आणि माठ याच जोरावर चालतात. तीन तासांत पुडिंग बसलं. फ्रिजसारखं गार नव्हतं, पण चमचा घातला तर खड्डा तसाच राहिला. दुधाचा पदार्थ आहे, तेव्हा बिनफ्रिजचा त्याच संध्याकाळी संपवा.

पाहुण्यांपुढे ताटलीत उपडं करायचं असेल तर चायनाग्रास घ्या. अर्ध्या लिटरला 5 ग्रॅम. अर्धा कप पाण्यात तासभर भिजवायचं, मग एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळायचं आणि गरम दुधातच ओतायचं. दूध गार असेल तर जागच्या जागी गुठळ्या होतात. कॉर्नफ्लोअर निम्मं करा. चायनाग्रास 35-40 अंशांच्या दरम्यान गोठतं आणि एकदा गोठलं की 85 च्या आसपास नेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे आपल्या मे महिन्यातही ते ताठ उभं राहतं. जिलेटिन आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की पाणी होतं, आणि ते जनावराच्या कातड्या-हाडांचं असतं, म्हणून आमच्या घरात चालतही नाही. चायनाग्रास समुद्री शेवाळाचं.

---

रामटेककर

पोल्सन म्हणजे तोच का, लोणीवाला? माझे आजोबा कुणी साहेबाची फार स्तुती केली की म्हणायचे, “पॉल्सन लावून राहिला.”

---

तुरीचीशेंग

नाही दादा. लोण्याचे पोल्सन मुंबईचे, पेस्तनजी एदलजी दलाल यांचे. कॉर्नफ्लोअरवाला स्कॉटलंडचा. नावापुरतंच साम्य.

---

पऱ्हाटी

मी कापूस आणि तूर पेरणारा माणूस. स्वयंपाकातलं फार कळत नाही, पण हे कोकोचं झाड आपल्याकडे लागेल का? सरळ सांगा. दरवर्षी कुणीतरी नवीन पीक घेऊन गावात येतं, म्हणून विचारतो.

---

सातपुडा (परतवाडा)

पऱ्हाटीभाऊ, यात पैसे घालू नका. कोको विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांच्या पट्ट्यातलं झाड आहे. त्याला बाराही महिने दमट हवा आणि मोठ्या झाडांची सावली लागते. भारतात केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, आंध्रात नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतात. कॅडबरीनं 1965 मध्ये केरळात लागवडीला सुरुवात केली. मंगळूरला 1973 मध्ये सुपारी-कोको शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 1986 मध्ये पुत्तूरला तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांनी पिकवलं आणि शेतकऱ्यांच्याच संस्थेनं चॉकलेट केलं, हे आपण कापसाच्या बाबतीत पाहायला फार उत्सुक आहोत. पण झाड म्हणाल तर आपला एप्रिल-मे त्याला झेपणार नाही.

उलट पुडिंगला चव आणणारी एक गोष्ट आपल्याकडे पिकते, ती कॉफी. आमच्या चिखलदऱ्याची. अख्ख्या महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण ते. ताईंच्या मापाला अर्धा चमचा कॉफी दोन चमचे गरम पाण्यात उतरवून, गाळून घालतो. कॉफीची चव वेगळी कळत नाही, पण कोकोचा कडवटपणा गडद होतो. आमच्याकडे आता त्याशिवाय होतच नाही.

---

संत्र्याची_फोड (मोर्शी)

घरची बाग आहे, म्हणून मोठ्या हौसेनं अर्धी वाटी संत्र्याचा रस पुडिंगमध्ये घातला. दूध फाटलं, आणि जे उरलं ते पातळच राहिलं. संत्रं आणि चॉकलेट एकत्र जमतच नाही का? मृग बहाराची फळं संपत आली होती, वाईट वाटलं हो.

---

तुरीचीशेंग

जमतं, आणि सुरेख जमतं. रसातल्या आंबटानं दूध फाटतं आणि स्टार्चची पकडही ढिली होते. तुम्हाला हवा तो वास सालात आहे. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ असते. फळ सोलण्याआधीच किसणीच्या बारीक बाजूवरून वरचा फक्त केशरी भाग अलगद काढा. आतलं पांढरं आलं की कडू होतं. एका संत्र्याची साल दूध तापतानाच टाका, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग गाळून पुढे. फोडी सोलून वाढताना वर ठेवा, तेव्हा आंबटाचा काही त्रास नाही.

---

मधली_सून

माझं दोनदा पातळ झालं. रात्री छान बसलेलं होतं, सकाळी पाहते तर वर पाणी. पहिल्यांदा मक्याचं पीठ वापरलं होतं, दुसऱ्यांदा पाकिटातलं कॉर्नफ्लोअरच आणलं. तरी तेच.

---

तुरीचीशेंग

मक्याचं पिवळं पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला, ते वेगळं. त्यानं पुडिंग खरखरीत होईल, त्याला भाकरीसाठी ठेवा. कॉर्नफ्लोअर पांढरंशुभ्र असतं आणि चिमटीत धरलं की करकरतं.

दुसऱ्या वेळेबद्दल एक विचारते, राग मानू नका. चाखलेला चमचा परत भांड्यात घातला होता का? आपल्या लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं, ते स्टार्च तोडतं. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, ती त्याच्यामुळेच. एक उष्टा चमचा कोमट पुडिंगमध्ये फिरला तरी सकाळपर्यंत कडेनं पाणी सुटतं. माझी तिसरी खेप अशीच गेली. घरातल्या पाच जणांनी एकाच चमच्यानं चाखलं होतं.

---

मधली_सून

हो ताई. पोरांनीच केलं, आणि मीसुद्धा! कुणी कधी हे सांगितलंच नव्हतं. आजी “उष्टं घालू नका” म्हणायच्या तेव्हा वाटायचं सोवळ्यातलं काही असेल.

---

झाडीपट्टी (गोंदिया)

आमच्याकडच्या जंगलात रानहळदीसारखा एक कंद निघतो, त्याचा स्टार्च म्हणजे तिखूर. तुमच्याकडे तवकील म्हणतात बहुतेक. आमची माय उपासाला त्याच्या वड्या करते. कॉर्नफ्लोअर संपलं होतं म्हणून मी काल तिखुराचं पुडिंग केलं. रंग फार सुंदर आला, गडद आणि आरशासारखा चकचकीत, कारण तिखूर शिजल्यावर पारदर्शक होतो. पण दुधात तो थोडा ताणला जातो, चमच्याला लोंबतो. लहान पोरीला आवडलं, नवऱ्याला नाही. नंतर निम्मं दूध आणि निम्मं पाणी घेऊन केलं, तेव्हा ताण कमी झाला.

उन्हात वाळवलेली मोहफुलंही घालून पाहिली. मूठभर फुलं आतले केसर झटकून, धुऊन, दुधात शिजवून गाळली आणि साखर निम्मी केली. मोहाचा तो ओला, मातीसारखा वास कोकोजवळ इतका शोभला की मी पुढच्या मोसमात फुलं जास्त वेचणार आहे.

---

जुनेमास्तर (चंद्रपूर जिल्हा)

धागा सलग वाचला. अंड्याचं पुडिंग राहिलंय, म्हणून लिहितो.

माझे वडील एका धरणावरच्या विश्रामगृहात खानसामा होते. साहेब मुक्कामाला आले की रात्रीच्या जेवणानंतर पुडिंग ठरलेलं. वीज नव्हती, ओव्हन नव्हता. पितळेचा कडीचा डबा, त्यात कपड्यानं गाळलेलं अंड्या-दुधाचं मिश्रण. डबा पाण्याच्या पातेल्यात, पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. बाबा पातेल्याला कान लावून बसायचे. पाणी खळखळलं की दोन निखारे कमी, आवाज बंद झाला की एक वाढव. ‘सुरसुर’ एवढाच आवाज हवा. अंडं 80 अंशांच्या सुमारास धरतं. त्याच्या फार वर गेलं की आकसून पाणी सोडतं आणि पुडिंगला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडतात. बाबांना अंश माहीत नव्हते, त्यांचा कान पक्का होता.

कोको आमच्या घरी फार उशिरा आला. मी नोकरीला लागल्यावर चंद्रपूरहून पहिला डबा आणला, बाबा तेव्हा निवृत्त होते. त्यांनी वास घेतला, जिभेच्या टोकावर ठेवलं आणि म्हणाले, “कडू हाये, साखर जास्त मागंन.” त्यांनी ठरवलेलं माप आजही घरात चालतं. दोन अंडी, एक मोठा कप म्हशीचं दूध, चार चमचे साखर आणि वर अजून एक, दीड चमचा कोको. अंडी फेसू द्यायची नाहीत, फक्त मोडायची. दूध कोमट. दोनदा गाळायचं. आता मी कुकरमध्ये करतो. शिट्टी काढून, तळाला दोन वाट्या पाणी, डब्यावर घट्ट झाकण म्हणजे वाफेचं पाणी आत टपकत नाही. मंद आचेवर पंचवीस मिनिटं. सुरी मध्ये घालून कोरडी निघाली की झालं, आणि मध्यभाग जरासा हलत असला तरी उतरवा, उरलेलं आपल्याच गरमीनं धरतं.

---

गोरसपाक

मास्तर, तुमच्या बाबांचं वाचून लय बरं वाटलं. ते कान लावून बसलेले डोळ्यासमोर आले.

ताई, मी काल परात-फडक्यानं केलं. चार तास लागले, पण बसलं! आता एकच राहिलं. तुमच्या पोरीनं म्हटलं होतं त्या चिकाचं काय झालं? ते तुम्ही सांगितलंच नाई.

---

तुरीचीशेंग

ती चौथी खेप, आणि ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण परवापर्यंत ती फसलेली होती.

कुरड्यांतला वाटीभर ओला चीक मी राखून ठेवला होता. तो दुधात घातला आणि गॅसवर चढवला, तर दूध फाटलं. कारण नाकालाच कळायला हवं होतं. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक आंबूस असतो. कुरडईत तो आंबूसपणा चव आणतो, दुधाला सोसत नाही. मग सासूबाईंनीच उपाय काढला. उरलेला चीक मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात कालवला, चार तास खाली बसू दिला, वरचं पाणी ओतलं. असं तीनदा केलं. तिसऱ्या पाण्याला वास उरला नव्हता.

अर्ध्या लिटर दुधाला असा धुतलेला, वरचं पाणी पूर्ण निथळलेला ओला चीक अर्धी वाटी लागला. गव्हाचा स्टार्च मक्यापेक्षा नरम बसतो, म्हणून माप थोडं वाढतं, आणि शिजवायला दोन-तीन मिनिटं जास्त द्यावी लागतात. कोको आणि साखर तेवढीच. ते ताटलीत उपडं करण्याइतकं ताठ झालं नाही. वाटीतच ठेवावं लागलं. पण तोंडात घातल्यावर कॉर्नफ्लोअरचं जसं एकदम विरघळतं तसं न होता ते हळूहळू सुटतं, आणि शेवटी गव्हाचा मंद वास येतो.

सासूबाईंनी पहिली वाटी देवापुढे ठेवली. मग स्वतः दोन चमचे खाल्ले आणि विचारलं, “पुढच्या साली चीक किती राखून ठेवायचा?” लेकीनं मधेच सांगितलं, एक पायली. मी डब्यावर चिठ्ठी लावून ठेवली आहे.